कुंडीतलं अंगण

१

ही हकीकत शंभर टक्के खरी आहे. देवाशपथ, आईशपथ, आणि जिची ही गोष्ट आहे त्या तगरीची शपथ. पदरचा एक शब्द घातलेला नाही. साक्षीला आमची मालती आहे, सगळं तिच्या डोळ्यांदेखत घडलं. म्हणजे बरंचसं घडलं तेव्हा ती स्वयंपाकघरात होती, आणि मुख्य भाग झाला तेव्हा झोपलेली होती. पण घरातच होती की नाही?

बरं, एक वाक्य पदरचं आहे. कुठलं ते शेवटी सांगीन. आधीच सांगितलं तर तुम्ही बाकीच्या सगळ्यावर विश्वास ठेवाल, आणि मला त्याची सवय नाही.

मी धर्मराज कदम. तुर्भ्याला रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर, आणि वाशीत दुसऱ्या मजल्यावर घर. ऐंशी-एक्याऐंशी सालची वाशी म्हणजे निम्म्या इमारती आणि निम्मा चिखल. दादरचे नातेवाईक विचारायचे, "तिकडे म्हणे रात्री कोल्हे येतात?" मी सांगायचो, "येतात की. दोघं तर सोसायटीच्या कमिटीवर आहेत." त्यातले काही अजून आमच्याकडे यायला घाबरतात, त्यामुळे मालतीचा चहा-साखरेचा खर्च वाचतो.

अशा ठिकाणी माणसाला नाद लागतो. मला बोन्सायचा लागला. दादरला एक बाई रविवारी वर्ग घ्यायच्या. मी दोन रविवार गेलो, तिसऱ्या रविवारपासून स्वतःला तज्ज्ञ समजू लागलो. त्या बाईंचं एक वाक्य मात्र डोक्यात बसलं. त्या म्हणाल्या होत्या, "बोन्साय म्हणजे लहान झाड नव्हे. मोठंच झाड असतं ते, फक्त लांबून पाहिलेलं."

तेव्हा मला वाटलं होतं, काय छान बोलतात बाई.

२

आमच्याकडे फुलं घालायला बायजाबाई यायची. शेजारच्याच गावातली आगरी बाई. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्यावर टोपली, आवाज असा की ती तळमजल्यावर बोलली तरी आमच्या कपबशा वाजायच्या. तिचा मुलगा दत्तू खडीच्या खाणीवर डंपर चालवायचा. त्यांचं घर नव्या रस्त्याच्या आखणीत आलं आणि दत्तूनं आमच्या समोरच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. सामान हललं, भांडी हलली, म्हातारी हलली. मागं राहिली अंगणातली तगर.

त्या तगरीवर माझा डोळा होता. मनगटाएवढं खोड, एका बाजूला असं वळलेलं की जणू कुणी कमरेवर हात देऊन उभं आहे. बोन्सायवाल्याला असं खोड दिसणं म्हणजे उपवर मुलीच्या बापाला सरकारी नोकरीतला मुलगा दिसणं.

"मावशी, ती तगर मला द्या. नाहीतर रोलरखाली जाईल."

"न्हे की," बायजाबाई म्हणाली. "पन एक आयक धर्मराज. त्या तगरीखालचा आंगन रोज सकाली झाडलेला हाय. सडा, सारवन, कवा चुकला नाय. आदी माजी सासू झाडायची, मंग मी. ती तगर झाडलेल्या आंगनाबिगर ऱ्हायची नाय. तू झाडशील?"

"झाडीन की!"

त्या खोडासाठी मी वाशीचा खाडीपूलसुद्धा झाडायला कबूल झालो असतो.

तगर खणून आणली. फांद्या छाटल्या तसा पांढरा चीक ठिबकला. बाईंचा नियम असा की मुळांवरची जुनी माती सगळी धुऊन काढायची, नखभरसुद्धा ठेवायची नाही. पण खोडाच्या बुंध्याला मातीची एक खपली चिकटलेली होती, तळहाताएवढी. वर्षानुवर्षं शेणानं सारवून सारवून गुळगुळीत झालेली, उन्हात चमकणारी. ती काढायचा मला आळस आला. म्हटलं, दिसतेय छान, राहू दे. ती खपली तशीच ठेवून सिमेंटच्या उथळ तबकात झाड बसवलं, कारखान्यातल्या जळक्या मोटरमधली तांब्याची तार फांद्यांना गुंडाळली, आणि तबक गॅलरीच्या कठड्याजवळ स्टुलावर ठेवलं.

झाडायचं मी अर्थातच विसरलो. तळहाताएवढ्या अंगणाला कुणी झाडू मारतं का?

३

माझी सकाळ ठरलेली. चहा, गॅलरी, झारीनं पाणी, कात्रीनं एखादं पान, मग शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं "वा!" आणि मग कारखान्याची बस.

तगर रुजली, पालवली. एका सकाळी पाणी घालायला वाकलो तर मातीवर रेघा. बारीक, अर्धगोल, एकीला लागून एक, पंख्यासारख्या. चिमण्या असतील म्हटलं. चिमण्या मातीत लोळतात. फक्त त्या इतक्या रांगेत लोळतात हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रेघा पुन्हा होत्या, आणि खाली पडलेली पिवळी पानं तबकाच्या एका कोपऱ्यात गोळा केलेली.

"मालती, तू झाडलंस का कुंडीत?"

"मला घर झाडायला वेळ पुरत नाही," मालती आतून म्हणाली, "आणि कुंडी झाडू? वेड लागलंय का?"

हे उत्तर पटण्यासारखं होतं. मग मी वाऱ्यावर ढकललं. खाडीचा वारा आहे, काहीही करतो. पण वारा सडा घालत नाही. आठवड्याभरात त्या खपलीवर रोज सकाळी ताजे थेंब दिसू लागले, सुईच्या टोकानं शिंपडल्यासारखे. मग एके दिवशी सारवण. ओलं, हिरवट, त्यावर बोटांचे अर्धगोल. कुठल्या बोटांचे ते तुम्हीच ठरवा, मुंगीला बोटं नसतात. दुसऱ्या मजल्यावर, जिथं जवळपास गाय नाही तिथं, गॅलरीत शेणाचा गार वास येत होता. मी त्याचंही उत्तर काढलं. स्टोअरकीपर माणूस, हिशेब जुळवण्यात मुरलेला. म्हटलं, खत कुजतंय. खत मी घातलंच नव्हतं हा मुद्दा बाजूला ठेवला.

रांगोळी दिसली तेव्हा मात्र मी चहाचा कप खाली ठेवला. चार ठिपके आणि त्यांना जोडणारी रेघ, सगळी मिळून तांदळाच्या दाण्याएवढी.

दुसऱ्या दिवशी मी लवकर उठलो. दुधाच्या बाटल्या वाजायच्या आधीची वेळ, आभाळ नुकतं उजळत होतं. गॅलरीचं दार बंद होतं आणि त्यापलीकडून आवाज येत होता. खर्र. खर्र. थांबून, पुन्हा खर्र. नारळाच्या हिरांच्या झाडूचा आवाज, पण असा, जसा शेताच्या पार पलीकडच्या घरातून यावा. लांबून.

मी दार उघडलं नाही. घाबरलो म्हणून नव्हे, बनियनवर होतो म्हणून.

त्याच सुमारास माझ्या गॅलरीत घालायच्या जुन्या चपला हरवल्या. मालती म्हणाली, कावळ्यानं नेल्या. मी म्हटलं, दोन्ही? ती म्हणाली, मग काय एका पायाचा कावळा होता का? तो विषय तिथंच मिटला.

४

एका रविवारी दत्तू आला. दारातनं आत यायला त्याला वाकावं लागायचं, असा गडी. खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. गॅलरीकडं पाठ करून बसला हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"सायेब, आयचं जरा इचारायचा होता."

"काय झालं? बरी आहे ना?"

"बरी हाय म्हनून तर आलो." त्यानं कपाळ पुसलं. "फ्ल्याटमदी आल्यापासना ती भिंतीकडं तोंड करून बसायची. जेवन नाय, बोलनं नाय. डाक्टर म्हनला, म्हातारीनं जीव सोडायचा ठरवलाय, औषध काय देऊ? आमी आशा सोडली होती. आन् मंग एकदम बरी झाली. दोन दोन भाकऱ्या खाते, सुनंला शिव्या देते."

"मग चांगलं आहे की!"

"सकाली उठत नाय ती. झोपलेली नाय, सायेब. हलवली तरी हलत नाय. अंग लादीवानी गार. ऊन खिडकीत आला का उठते, हसते, म्हनते काम होता." त्यानं आवाज खाली आणला. "तिच्या नखांत शेन असतो. तिसऱ्या माल्यावर शेन खयना येल?"

मी त्याच्या खांद्यावरून गॅलरीकडं पाहिलं.

"रोज थोडी उशिरा उठते. आता ऊन खिडकी सोडून भिंतीवर चढतो तरी उठत नाय. एक दिवस नाय उठली तर? तिनंच मला तुमच्याकडं धाडला. म्हनली, धर्मराजला सांग, येऊन जा."

५

मी गेलो. बायजाबाई पलंगावर मांडी घालून बसली होती. गाल भरलेले, डोळ्यांत मिश्कीलपणा.

"ये रं. वैशाली, चा टाक! साकर बगून टाक, सायबाचा प्वाट वाढलाय." सुनेला हुकूम देऊन ती माझ्याकडं वळली. "तुजी ती उजव्या अंगाची फांदी. जरा वर कर."

"कुठली फांदी, मावशी?"

"तार गुंडाललीस ती. वलनीवर लुगडा टाकला का तिला अडकतो."

झाड दिल्यापासून ती आमच्या घरी आली नव्हती. नव्या घरात आल्यावर तर जिनासुद्धा उतरली नव्हती. मी स्वतःला म्हटलं, समोरच तर इमारत आहे, खिडकीतून दिसत असेल. उठून खिडकीशी गेलो. खिडकी खाडीच्या बाजूला उघडत होती. मिठागरं, पाणी आणि पाण्यावरचे बगळे.

"बस खाली," ती म्हणाली. "तगरीची मुलं कापनारेस म्हन."

हे मी कुणालाच बोललो नव्हतो. आदल्या दिवशी तबकाखाली बोट घालून पाहिलं होतं, मुळांनी तळ गच्च भरला होता. बोन्सायची मुळं छाटावीच लागतात. छाटायची तर झाड उपटायचं, माती झाडून काढायची, आणि ती खपलीही जायची.

"नाही छाटली तर झाड गुदमरेल, मावशी."

"आन् छाटलीस तर आंगन मोडंल." ती खुदकन हसली, पोरीसारखी. "मंग बग बाबा. झाडाला मारतोस का मला."

चहा आला. इतका गोड होता की सुनेनं सासूचं ऐकलं नव्हतं हे उघड होतं.

६

दुसऱ्या दिवशी पहाटे दत्तूला बोलावून घेतलं. कारखान्याच्या प्रयोगशाळेतून रंगाचे कण तपासायचं भिंग आणलं होतं. परत केलं, असं स्टोअरच्या नोंदीत आहे. आम्ही दोघं दाराच्या फटीशी उभे राहिलो.

खर्र. खर्र.

"आय," दत्तू पुटपुटला. "आयचाच हात हाय. कोपऱ्यात आली का दोनदा मारते."

खर्र-खर्र, आलं लगेच. दोनदा.

मी दार हळूच लोटलं, गुडघ्यावर बसलो आणि भिंग तबकाच्या कडेशी धरलं. आधी नुसता हिरवा धूसरपणा. मग तगरीचं खोड, एखाद्या वडाएवढं. बुंध्याशी सारवलेली जमीन, दूरपर्यंत. हो, दूरपर्यंत, मी मुद्दाम तो शब्द वापरतोय. फांद्यांतून वळणी बांधलेली, तिच्यावर लुगडं. आणि त्यापलीकडे कमरेत वाकलेली एक पाठ, डावीकडून उजवीकडे जाणारी. पाठच दिसली मला, तोंड नाही. तेवढ्यात भिंग हातातून निसटलं.

"आये!" दत्तू ओरडला. डंपर रिव्हर्स घेताना क्लीनरला मारतात तशी हाक.

झाडू थांबला. वारा नव्हता, पण तगरीचं पान न् पान थरथरलं.

समोरच्या इमारतीत त्याच वेळी काय झालं ते वैशालीनं नंतर सांगितलं. म्हातारी ताडकन उठून बसली आणि कडाडली, "कनाला हाक मारलीस? हातातला काम टाकून आले! अर्धा आंगन तसाच ऱ्हायला!"

इकडं मी तबकात पाहिलं. खपलीचा अर्धा भाग झाडलेला होता. उरलेल्या अर्ध्यावर पिवळं पान पडलेलं, आणि ते गोळा करायला कुणी नव्हतं.

७

त्या दिवसापासून बायजाबाई अंगणात गेली नाही. पहाटे उठायची, नखं स्वच्छ. दत्तूनं पेढे वाटले. मग तिनं भिंतीकडं तोंड केलं. पहिल्यांदा भाकरी सुटली, मग चहा, मग शिव्या सुटल्या. शिव्या सुटल्यावर वैशाली रडत आमच्याकडं आली. म्हणाली, "काकी, त्यांना म्हणावं मला काहीतरी बोला हो."

इकडं तगरीची पानं गळत होती. सारवणाला भेग पडली होती. मी स्वतः दात घासायच्या जुन्या ब्रशनं झाडून पाहिलं, शपथ सांगतो, पण माझ्या रेघा वाकड्या येत.

संध्याकाळी दत्तू आला. या खेपेला गॅलरीकडं तोंड करून बसला. मग म्हणाला, "सायेब, याच्याहून मोठी कुंडी नाय का?"

"आहे. पण मोठ्या कुंडीत ते बोन्साय राहणार नाही. झाड वाढेल."

"वाढू दे. आंगन मोडू नका, मुलं कापू नका. बाजूनं माती भरा. माती मी आनतो."

बोन्सायच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस घ्यायचं मी मनाशी ठरवलं होतं. सत्काराचं भाषणही तयार होतं, पहिलं वाक्य होतं 'मी काहीच केलं नाही.' ते सोडायचं म्हणजे जिवावर आलं. पण त्या पठ्ठ्याचा चेहरा बघून मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी इमारतीखाली हॉर्न. गॅलरीतून पाहतो तर डंपर. जुन्या घराच्या अंगणावर अजून डांबर पडायचं होतं. तिथली माती दत्तूनं भरून आणली होती. डंपर भरून! मी वरून ओरडलो, "अरे, टोपलीभर हवी!" तो खालून ओरडला, "आंगन हाय सायेब, टोपलीत मावतो का?"

उरलेल्या मातीत सोसायटीची सगळी बाग झाली. कमिटीनं त्याचं श्रेय स्वतः घेतलं. कोल्हेच ते.

सिमेंटची रुंद टाकी ओतून घेतली, तगर तिच्या खपलीसकट उचलून मधोमध बसवली, आजूबाजूला तिची माती पसरली. तारा सोडल्या. उजव्या अंगाची फांदी आपोआप वर गेली.

तिसऱ्या सकाळी टाकीभर सडा होता. आणि समोरच्या तिसऱ्या मजल्यावरून दणदणीत शिवी ऐकू आली. त्यापाठोपाठ वैशालीचं हसू.

८

तो पावसाळा बायजाबाईनं मजेत काढला. तगर अशी फुलली की मालती सगळ्या मजल्यांवर फुलं पोचवायची. म्हातारी उठायची मात्र उशिरा. कधी दुपार व्हायची. दत्तू हाक मारत नसे. पलंगाशी बसून राहायचा, ती डोळे उघडेपर्यंत, आणि मग कामाला जायचा.

भादव्यातल्या एका सकाळी बेल वाजली. दत्तू उभा होता, बनियनवर, अनवाणी. सरळ गॅलरीत गेला. टाकीपाशी उकिडवा बसला आणि सारवणावर बोट टेकवून पाहिलं.

"दत्तू, काय रे?"

"काल सकालपासना उठली नाय." बोट नाकाशी नेलं, वास घेतला. "डाक्टर आला होता. गेली म्हनतो."

मालतीनं तोंडाला पदर लावला.

दत्तूनं ते बोट आम्हाला दाखवलं. त्याच्या एवढ्या मोठ्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं, डोळे वाहत असतानाच.

"सायेब," तो म्हणाला, "सडा ओला हाय."

९

आता तगर कठड्याच्या वर गेलीय. बोन्सायवाले मला हसतात. दत्तू रविवारी येतो, गॅलरीच्या दाराशी बूट काढतो आणि टाकीपाशी बसून घरच्या गोष्टी सांगतो, वैशालीला मुलगी झाली, डंपर विकला, वगैरे. जाताना ओंजळभर फुलं नेतो. सारवण रोज ताजं असतं. वाशी भरली, तगरीखालचं अंगण मात्र मोकळंच आहे.

तर, ते पदरचं वाक्य. डंपर अर्धाच भरलेला होता, पण ते वाक्य नव्हे; ती अतिशयोक्ती झाली, ती माझ्या बोलण्यात मिठासारखी असते. भिंगाची नोंदही सोडून द्या, भिंग अजून घरीच आहे. पदरचं वाक्य हे: 'पाठच दिसली मला, तोंड नाही.'

तोंड दिसलं होतं. बायजाबाई वळली होती, दत्तूनं हाक मारायच्या आधीच. कमरेवर हात ठेवून तिनं वर माझ्याकडं पाहिलं, आणि हनुवटीनं अंगणाच्या कडेकडं खूण केली, शहाण्या पाहुण्याचं कौतुक करावं तशी. मी भिंग तिकडं वळवलं. सारवलेल्या जमिनीच्या अगदी बाहेर, एकीशेजारी एक नीट लावून, माझ्या चपला काढून ठेवलेल्या होत्या.

त्या मी कधी काढल्या, मला आठवत नाही. पण झाडलेल्या अंगणात कुणी चपला घालून जाईल का?

फुलं यंदाही भरपूर आहेत. आमची मालती तेवढी अलीकडे कुरकुरते. म्हणते, "सकाळी हलवून हलवून माझे हात दुखतात. उठत का नाही तुम्ही लवकर? आणि हसता काय झोपेत?"

मी तिला सांगतो, काम होतं.